घरी की गॅरेजमध्ये? पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरून चार पुस्तकं-पेपर वाचताना

‘घरी केलं तर निम्म्यात होतं’ हे वाक्य तुम्ही नळापासून रंगकामापर्यंत कशाहीबद्दल ऐकलं असेल. अमेरिकेत ते पिकअप ट्रकच्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनबद्दलही म्हटलं जातं, आणि म्हणणारे लोक गंमत करत नसतात. घरापुढे स्वतःची फरसबंद जागा, शेडमध्ये पान्यांचा संच, गावात पार्टसचं दुकान, आणि गॅरेजच्या तासाचा दर डोळे पांढरे करणारा. असं असलं की माणूस शनिवारी सकाळी ट्रकखाली सरकतो. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करून बघा, गिअरबॉक्स उतरायच्या आधी सेक्रेटरी उतरून येतील.

माझा विषय दुरुस्तीचा अभ्यास हा आहे, त्यामुळे ‘घर विरुद्ध गॅरेज’ ही तुलना ज्या लिखाणात येते ते मी गोळा करून वाचतो. या पोस्टमध्ये त्यातली चार कामं घेतोय: पर्सिग यांचं पुस्तक, क्रॉफर्ड यांचं पुस्तक, हार्पर यांचा अभ्यास आणि श्नायडर यांचा पेपर. चारही चांगली आहेत. पण चारही एका ठरावीक कामासमोर ठेवली की कुठे चालतात आणि कुठे अडतात ते दिसतं. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर ‘साहित्याचा आढावा’ हा भाग असाच करावा असं माझं मत आहे. म्हणजे सिद्धान्त आधी आणि उदाहरण मागून, असं नाही. एक अवघड उदाहरण टेबलावर ठेवायचं आणि एकेकाला विचारायचं, याचं तू काय करशील?

तर आधी उदाहरण. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये १९९३पासून बरीच वर्षं बसवला गेलेला चार गिअरांचा ४एल६०-ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊ. तो १९८२च्या ७००आर४चा वंशज, फरक इतकाच की गिअर कधी बदलायचा हे आता कॉम्प्युटर ठरवतो. कोरड्या गिअरबॉक्सचं वजन सुमारे ७० किलो. टॉर्क कन्व्हर्टर आणि तेल वेगळं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मागची ट्रान्सफर केस आधी उतरवावी लागते.

‘बदलणं’ म्हणजे इथे आतले क्लच आणि गिअर खोलून नवे घालणं नाही. बहुतेक वेळा कारखान्यात पुन्हा बांधलेला आख्खा गिअरबॉक्स खोक्यात येतो, जुना परत द्यायचा असतो, आणि तो परत येईपर्यंत ‘कोअर चार्ज’ नावाची अनामत दुकानाकडे राहते. घरचा माणूस हाच खोका विकत घेतो. गॅरेजही पुष्कळदा हाच खोका विकत घेतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम कसं चालतं? ड्राइव्ह शाफ्ट काढा, वायरिंगचे कनेक्टर सोडवा, तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या सोडा, इंजिनाला टेकू द्या, कन्व्हर्टर ज्या पातळ चकतीला जोडलेला असतो ते बोल्ट एकेक करून काढा, मग ट्रान्समिशन जॅकवर भार घेऊन मागे ओढा. जड आहे, घाण आहे, धोक्याचं आहे, पण यात गूढ काही नाही. गूढ आहे ते परत बसवताना. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसला पाहिजे. तो टप्प्याटप्प्याने आत जातो, फिरवत ढकलला की हाताला धक्का जाणवतो, पुन्हा फिरवायचा, पुन्हा धक्का. शेवटचा टप्पा राहिला आणि तुम्ही गिअरबॉक्सचं तोंड इंजिनाला बोल्टने आवळत आणलंत, तर नवा पंप गाडी सुरू व्हायच्या आत किंवा सुरू होताक्षणी गेला. जाणता मेकॅनिक एवढंच सांगतो की दोन्ही तोंडं हातानेच टेकली पाहिजेत, बोल्टने ओढून नाही. आणि कूलर. जुन्या गिअरबॉक्सचा झिजलेला भुगा कूलरमध्ये बसून असतो. तो धुतला नाही तर तोच भुगा नव्या गिअरबॉक्सला पोचतो.

आता पहिलं पुस्तक. रॉबर्ट पर्सिग यांचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’, १९७४. पुस्तक तत्त्वज्ञानाचं आहे, पण ‘गॅरेजवर भरवसा का नको’ हे सांगताना आजही ज्या प्रसंगाचा आधार घेतला जातो तो त्यातच आहे. निवेदकाची मोटरसायकल वेगात असताना इंजिन जाम होतं. तो ती दुकानात देतो. तिथले पोरगे रेडिओ लावून, हसत-खिदळत काम करतात, हातोडी-छिन्नीने भाग फोडतात, गाडी पुन्हा पुन्हा बिघडून येते. नंतर निवेदकाला घरी खरं कारण सापडतं, तेल पोचवणाऱ्या यंत्रणेतली काही सेंटची एक तुटकी पिन. पर्सिग यांचा निष्कर्ष असा की या पोरांना कामाबद्दल आस्था नव्हती.

प्रसंग वाचताना राग येतो, आणि इथेच संशोधक म्हणून तुम्ही थांबायला हवं. सांगणारा कोण? ज्याचं नुकसान झालं तोच. दुकानाची बाजू पुस्तकात नाही, आणि पुस्तकाने ती द्यायलाच हवी होती असंही नाही. ती साहित्यकृती आहे. पण पुरावा म्हणून तिचा हवाला देणाऱ्याने विचारायला हवं की दुकानाला किती तास मिळाले आणि घरच्या माणसाला किती? घरच्या माणसाचं मीटर चालू नसतं. तो संध्याकाळी उगाच एक झाकण उघडून बघू शकतो. दुकानदाराने उगाच उघडलेल्या प्रत्येक झाकणाचं बिल कुणाला तरी लागतं. अमेरिकेतल्या कित्येक गॅरेजांत मजुरी प्रत्यक्ष तासांची नसते, अमुक कामाला इतके तास असं छापील पुस्तक सांगतं तितकी लागते, आणि परत आलेलं काम मेकॅनिकला अनेकदा फुकट करावं लागतं. पर्सिग ज्याला आस्था म्हणतात तिचा बराचसा भाग मला हिशेबाचा वाटतो. आस्था नसतेच असं मी म्हणत नाही. पण आस्था आणि मोकळा वेळ या दोन गोष्टी त्या प्रसंगात एकमेकींत मिसळल्या आहेत आणि पुस्तक त्या वेगळ्या करत नाही.

शिवाय पर्सिग यांचा बिघाड त्यांच्या मुद्द्याला फार सोयीचा आहे. छोटी पिन, लक्ष दिलं की दिसणारी. ४एल६०-ईचं तसं नाही. रिव्हर्स, दुसरा आणि चौथा हे तीन एकदम गेले तर ‘सन शेल’ नावाच्या कवचाचे खाचे घासले गेले असावेत असं जाणकार म्हणतील. तिसरा आणि चौथा गेले तर ३-४ क्लच जळला असावा. हे ओळखणं कोडं सोडवण्यासारखं आहे आणि घरचा माणूसही ते शिकू शकतो. पण दोन्ही भाग पोटात आहेत, बघायचे तर आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नुसतं लक्ष देऊन ते दिसत नाहीत.

मॅथ्यू क्रॉफर्ड यांचं ‘शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट’ (२००९) या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. शिकागो विद्यापीठातून राजकीय तत्त्वज्ञानात पीएचडी, मग वॉशिंग्टनमधल्या एका थिंक टँकची नोकरी काही महिन्यांत सोडली, मग रिचमंडला मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. हे त्यांचं चरित्र पुस्तकाच्या मुखपृष्ठापेक्षा जास्त खपलं आहे, ते जाऊ दे. मला त्यांचा होंडा मॅग्ना मोटरसायकलचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. एका ऑइल सीलचा माग काढताना ते गरजेपेक्षा खोल जातात, कारण त्यांना स्वतःला उत्तर हवं असतं. मग प्रश्न येतो, हा वेळ गिऱ्हाइकाच्या बिलात घालायचा का? पर्सिग यांनी न पाहिलेली दुकानाची बाजू इथे आतून दिसते. कुतूहल आणि दुसऱ्याचे पैसे यांची ओढाताण मी तरी इतक्या उघडपणे दुसरीकडे वाचलेली नाही. पुस्तकातला एवढाच भाग वाचायला मिळाला तरी चालेल, असं मी ज्युनिअर्सना सांगतो.

मात्र क्रॉफर्ड यांचं दुकान एकट्याचं, गाड्या जुन्या, गिऱ्हाईक हौशी. त्यांच्याकडचं काम तुकड्यातुकड्याने समजून घेण्याचं आहे. खोक्यात येणाऱ्या गिअरबॉक्सने नेमकी तीच गोष्ट मोडून काढली आहे. समजून घेणारा माणूस कुठल्या तरी कारखान्यात बसला आहे, आणि घरचा माणूस काय नि गॅरेजवाला काय, दोघे जोडणी करतात. ‘स्वतःच्या हाताने केलं’ हा अभिमान मग नेमका कशाचा? सत्तर किलो उचलल्याचा, कन्व्हर्टर नीट बसवल्याचा. तो खराच आहे, पण पुस्तकात ज्या ज्ञानाबद्दल इतकं लिहिलं आहे ते हे ज्ञान नव्हे. आणि एक बारीक तक्रार. शनिवार-रविवार ट्रकखाली गेले तर त्या दोन दिवसांत मुलांना कुणी पाहिलं, बाजार कुणी केला, सोमवारी कामावर कुणाच्या गाडीने गेला, हे स्वावलंबनाच्या कौतुकात कधीच येत नाही. तुमच्या प्रश्नावलीत येऊ द्या.

तिसरं काम डग्लस हार्पर यांचं, ‘वर्किंग नॉलेज’, १९८७. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ग्रामीण भागात साब गाड्या आणि शेतीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विली नावाच्या एका माणसाचा हा अभ्यास. पद्धत अशी की हार्पर यांनी विलीच्या कामाचे फोटो काढले, मग ते फोटो विलीसमोर ठेवून त्याला बोलतं केलं. फोटोतला हात काय करतोय हे तो हातवालाच सांगतो. गुणात्मक संशोधन करणाऱ्यांनी ही पद्धत शिकून घ्यावी, कारण ‘तुम्ही हे कसं करता?’ असं नुसतं विचारलं तर चांगला कारागीर ‘होतं हो सवयीने’ म्हणून गप्प बसतो. कन्व्हर्टर बसताना हाताला लागणारा धक्का मुलाखतीत सापडायचा नाही. फोटो दाखवून कदाचित सापडेल.

हार्पर यांच्या पुस्तकाने ‘घर की गॅरेज’ ही फोडच मला डळमळीत वाटू लागली. विलीचं दुकान त्याच्या घराला लागून. गिऱ्हाइकं शेजारी, ओळखीची, पैशाऐवजी कधी वस्तू नि कधी मदत देणारी. हे घर म्हणायचं की गॅरेज? आपल्याकडच्या हायवेवरच्या मिस्त्रीला विचारा, त्यालाही हा प्रश्न विचित्र वाटेल. तर मग तुलनेचे दोन रकाने करणाऱ्या अभ्यासाने आधी सांगायला हवं की रकान्यांची रेघ कुठे मारली. जागेवर? पैशावर? की बिघाड झाला तर कुणाच्या गळ्यात, यावर? हार्पर यांच्याबद्दल माझी अडचण एवढीच की ते आधी विलीचे गिऱ्हाईक होते. जे विलीवर नाराज होऊन गेले ते अशा अभ्यासात सहज सापडत नाहीत. हा दोष लेखकाचा नाही, त्या पद्धतीच्या प्रवेशदाराचा आहे.

चौथं काम अगदी वेगळ्या गोत्राचं. अर्थशास्त्रज्ञ हेन्री श्नायडर यांचा ‘जर्नल ऑफ इंडस्ट्रिअल इकॉनॉमिक्स’मधला २०१२चा पेपर. त्याची मुळं १९७३च्या एका पेपरात आहेत. वस्तूंचे गुण काही खरेदीआधी कळतात, काही वापरल्यावर कळतात, हे फिलिप नेल्सन यांनी १९७०मध्ये मांडलं होतं. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार सांगितला: वापरल्यावरही स्वस्तात कळत नाहीत असे गुण, जे विश्वासावरच घ्यावे लागतात. दुरुस्ती यात मोडते. गाडी चालायला लागली हे तुम्हाला कळतं, पण केलेलं काम गरजेचं होतं का हे कळत नाही.

श्नायडर यांनी हे तपासायला एक गाडी घेतली, तिच्यातले दोष आधीच माहीत होते, उदाहरणार्थ बॅटरीची सैल केबल, आणि ती गुपचूप वेगवेगळ्या गॅरेजांत नेली. काही ठिकाणी आपण पुन्हा येणारं गिऱ्हाईक असं दाखवलं, काही ठिकाणी गाव सोडून चाललोय असं. नको ती कामं सुचवली गेली, हवी ती निसटली, दोन्ही आढळलं. पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाला जास्त प्रामाणिक वागणूक मिळते या अपेक्षेला मात्र फारसा आधार मिळाला नाही. प्रयोगाची रचना इतकी स्वच्छ आहे की पद्धतीच्या वर्गात शिकवावी. पर्सिग यांच्या प्रसंगात जे नव्हतं तेच इथे आहे. खरं उत्तर आधीपासून संशोधकाच्या खिशात.

पण आमच्या गिअरबॉक्ससमोर ही रचना उभी राहत नाही. सैल केबल तुम्ही मुद्दाम करू शकता. अर्धा झिजलेला क्लच मुद्दाम बनवून, आत नेमकं काय आहे याची खात्री ठेवून, पन्नास ठिकाणी तसाच नेणं शक्य नाही. हा प्रयोग स्वस्त, उघड्यावरच्या दोषांबद्दल बोलतो. महागडे निर्णय पोटातल्या दोषांवर होतात.

आणि श्नायडर वाचून ‘बघा, म्हणूनच घरी करावं’ असं कुणी म्हणालं, तर तो निष्कर्ष पेपरमधून निघत नाही. घरी केल्याने खोटं बोलायचं कारण संपतं, कारण सुचवणारा आणि पैसे भरणारा एकच. अज्ञान मात्र जिथल्या तिथे राहतं. उदाहरण देतो. ४एल६०-ईमध्ये गिअर निवडणाऱ्या दोन सोलेनॉइडना वीज मिळाली नाही की दोन्ही बंद राहतात आणि डी मध्ये गाडी तिसऱ्या गिअरमध्येच चालते. सिग्नलवरून निघताना ट्रक बैलगाडीसारखा रेटावा लागतो. लक्षणं गिअरबॉक्स गेल्याची. कारण कदाचित एक फ्यूज, किंवा कनेक्टरमध्ये गेलेलं तेल-पाणी. आता घरच्या माणसाने आख्खा गिअरबॉक्स बदलला. बदलताना कनेक्टर काढला, पुसला, परत घट्ट लावला. ट्रक ठणठणीत. तो चारचौघांत सांगणार, गिअरबॉक्स बदलला आणि दुरुस्त झाला, गॅरेजपेक्षा निम्म्यात! वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. फक्त गिअरबॉक्स बदलायची गरज नव्हती, आणि हे त्याला जन्मभर कळणार नाही. गॅरेजने हेच केलं असतं तर आपण त्याला लुबाडणूक म्हटलं असतं.

एका कृतीत पाच गोष्टी बदलल्या आणि फळाचं श्रेय सर्वांत महाग गोष्टीला दिलं, ही गडबड तुम्हाला शेतीच्या, शिक्षणाच्या, औषधांच्या अभ्यासातही भेटेल. खत बदललं त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता, तसंच हे.

आता दोन्ही बाजूंच्या कहाण्यांकडे बघा. घरी करून यशस्वी झालेला माणूस ती गोष्ट दहा जणांना सांगतो. अर्ध्यात अडकलेला गप्प बसतो, किंवा ट्रक तसाच विकतो. उलट गॅरेजवाल्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की घरी केलेलं काम कधीच धड होत नाही, कारण त्याच्या दारात फक्त फसलेली कामं येतात, काही तर बोल्टच्या डब्यांसकट. दोघेही खरं बोलतात आणि दोघांच्या अनुभवातून सरासरी काढता येत नाही. तुमचा नमुना यांपैकी कुठल्याही एका दारात उभं राहून गोळा केलात तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

मग कुठे उभं राहायचं? मला सुचलेली जागा म्हणजे पार्टसच्या दुकानाचा काउंटर. खोका विकत घेतला जातो तो क्षण. तिथे घरी करणारा आणि गॅरेजसाठी घेणारा दोघेही येतात, आणि निकाल अजून कुणालाच माहीत नसतो. तेव्हाच विचारून ठेवायचं की बिघाड कशावरून ठरवला, किती दिवस लागतील असं वाटतं, मदतीला कोण, काम चालू असताना दुसरी गाडी आहे का. मग वर्षभर माग ठेवायचा. ज्यांनी काम अर्धवट सोडलं तेही मोजायचे, आणि ‘यश’ म्हणजे ट्रक हलला एवढंच न धरता अमुक मैल चालला असं धरायचं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना ‘तुम्ही घरी करा’ असं मात्र सांगता येणार नाही. जॅकवरच्या सत्तर किलोखाली कुणाला झोपवायचा प्रस्ताव नैतिकता समिती मान्य करणार नाही, आणि करू नये. त्यामुळे जे घरी करतात ते मुळातच जास्त हुशार किंवा जास्त अडलेले असतात, ही शंका शेवटपर्यंत राहणार. ती प्रबंधात स्पष्ट लिहायची.

याहून मोठा साठा एकाच ठिकाणी आहे, गिअरबॉक्स पुन्हा बांधून विकणाऱ्या कंपन्यांच्या वॉरंटीच्या फायली. घरची आणि गॅरेजची फसलेली कामं तिथे एकाच रकान्यात पडतात, तारीख आणि मैलांसकट. कुणी तुम्हाला त्या दिल्या तर जरूर घ्या. पण ‘नापासाचं कारण’ हा रकाना वाचताना सावध असा. पंप फुटून आला तर ‘बसवताना चूक’, भुगा सापडला तर ‘कूलर धुतला नाही’. कूलर धुतल्याची पावती गॅरेजवाला दाखवू शकतो. घरच्या माणसाने अंगणात स्वतः कूलर धुतला तर त्याच्याकडे कसली पावती असणार? आणि त्या रकान्यात कारण लिहिते ती तीच कंपनी, जिला दुसरा गिअरबॉक्स फुकट द्यावा लागतो.